माळ्यावरचे दप्तर

श्रोतेहो, दिवाळीच्या आधी पंधरवडाभर आपल्या घरांतून जी झाडलोट चालते, तिचे वर्णन कोणा इतिहासकाराने केलेले माझ्या पाहण्यात नाही. राज्ये कोणी जिंकली आणि किल्ले कोणी घेतले हे आपणांस शाळेपासून पाठ असते; परंतु घरातून काय बाहेर गेले, ते कोणी नेले, आणि नेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारणे इतिहासाच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारे वाटत असावे. मला मात्र तो प्रश्न इतिहासाच्या अगदी मुळाशी आहे असे वाटते. तसे वाटण्यास जे निमित्त घडले ते आधी सांगतो.

धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यात नरडाणा नावाचे गाव आहे. सुरतेहून भुसावळास जाणारा तापीकाठचा लोहमार्ग आणि मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना हमरस्ता येथे एकमेकांस भेटतात. या गावी माझे आजोळ. आजोबांच्या मागे मामांनी घर सांभाळले, त्यांची मुले दूरदेशी स्थिरावली, आणि काही वर्षांपूर्वी घर विकण्याचे ठरले. ते रिकामे करावयास आम्हांस तीन दिवस मिळाले. चार पिढ्यांनी जे साठविले ते तीन दिवसांत निस्तरावयाचे, म्हणजे विचारास अवकाश किती राहणार हे आपण जाणताच. लाकूडफाटा शेजाऱ्यांनी नेला. जुनी लुगडी व धोतरे बोहारणीच्या पाटीत गेली. तांब्यापितळेची भांडी टेम्पोत घालून आम्ही सोनगीरच्या तांबटाकडे नेली. राहता राहिले कागद. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या होत्या, रुमालांत बांधलेली बाडे होती, सुतळीने आवळलेले कागदांचे गठ्ठे होते. सर्व लिखाण मोडी. वाचता येणारे घरात कोणी नाही. सहा पोती भरली. रद्दीवाल्याने काटा लावला, वजन केले, पैसे मोजले आणि पोती नेली. त्या रात्री घर मोकळे झाल्याचे समाधान आम्हां सर्वांस वाटले, हे कबूल केले पाहिजे.

सोनगीरला मात्र एक लहानशी गोष्ट घडली होती. म्हातारे तांबट एकेक भांडे तागडीत ठेवण्यापूर्वी उलटसुलट करून पाहत होते. एक घागर हाती घेऊन ते मामांना म्हणाले, "भाऊ, या घागरीवरचे नाव तुमच्या घरचे दिसत नाही." गळ्याजवळ ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले ते नाव खरोखरच परके होते. आणखी चार भांड्यांवरही तशीच परकी नावे निघाली. मामा म्हणाले, "जुने आहे काही तरी, आबांच्या वेळचे. घ्या तुम्ही तोलून." भांडी तोलली गेली. या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे. तूर्त ती तशीच ठेवतो.

सोनगीर हे धुळे आणि नरडाणा यांच्यामध्ये, त्याच आग्रा रस्त्यावर वसलेले, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेले गाव. अशा गावाची उपजीविका अर्धी नव्या धातूवर तर अर्धी आपल्या घरातील मोडक्या भांड्यांवर चालत असे. गळकी घागर, बुड गेलेले पातेले, कान तुटलेला हंडा हे सारे तांबटाच्या दुकानी 'मोड' या एकाच नावाने ओळखले जाई. मोडीचा भाव निराळा, घट निराळी, नव्या भांड्याची घडणावळ निराळी. हा हिशेब आमच्या आज्यांस तोंडपाठ असे. लेकीच्या लग्नात आजीची घागर मोडीत घालून तिचे दोन तांबे करून दिले, अशी वाक्ये मी लहानपणी ऐकलेली आहेत. एखादी गोष्ट 'मोडीत काढणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग याच व्यवहारातून आलेला दिसतो. आज आपण त्याचा अर्थ नाहीसे करणे असा घेतो. तांबटाच्या दुकानी त्याचा अर्थ नवे रूप देणे असाच होता.

या व्यवहारात एक सुंदर सावधगिरी होती. भांड्यावर नाव घालण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक. कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिले, पुष्कळदा साल आणि मितीसुद्धा त्या ठिपक्यांत असते. बारसे, मुंज, लग्न, उद्यापन अशा कुटुंबातील घटनांची ती धातूवर कोरलेली बखरच होय. शहाणी गृहिणी भांडे मोडीत घालण्यापूर्वी ते नाव एकदा मोठ्याने वाची. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील घरोघर शिरले, कल्हईची कटकट नको म्हणून पितळ मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले, आणि त्या घाईत वाचण्याची चाल गेली. माझी स्वतःची समजूत अशी आहे की त्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या कुटुंबांचा जेवढा लेखी इतिहास भट्टीत गेला तेवढा त्यापूर्वीच्या दोनशे वर्षांत गेला नसेल. याला आकड्यांचा पुरावा मजपाशी नाही. सोनगीरच्या त्या तागडीपाशी उभे राहून झालेले हे मत आहे.

कपड्यांचीही अशीच वाट ठरलेली होती. लुगडे विरले म्हणजे त्याचे पातळ पदर लहान मुलांच्या दुपट्यांना, जाड भाग गोधडीला. खानदेशात थंडी कडक पडते, आणि घरातील म्हातारी सबंध पावसाळा गोधडीला टाके घालीत बसे. गोधडी विटली म्हणजे तिच्यावर नवे अस्तर चढे, आणि जुनी गोधडी नवीच्या पोटात राही. ज्याची गोधडी होत नसे ते बोहारीण नेई. या बोहारणीविषयी आपल्या वाङ्मयात थट्टाच अधिक आहे. तिची घासाघीस, तिचे पातेल्यावर आणखी एक कपडा मागणे, हे विनोदी लेखकांना फार आवडते. परंतु ती कोणता कपडा फाटका व कोणता नुसता जुना हे बोटांनी ओळखी, कोणत्या काठात चांदीची जर आहे हे दुरून हेरी, आणि आपल्या घरी निरुपयोगी झालेले वस्त्र दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाईल याची व्यवस्था करी. ही विद्या पुस्तकी नव्हती एवढेच.

उरलेसुरले उकिरड्यावर. शेण, राख, पालापाचोळा, केर हे सारे वर्षभर कुजून मृग नक्षत्रापूर्वी शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात अशी आपली म्हण आहे. शेतकऱ्याच्या घरी ते दरवर्षी फिटत. लाकूड मोडले तर बंबाला किंवा होळीला. मातीची घागर आखाजीला नवी येई, जुनी कोंबड्यांच्या पाण्याला लागे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुपे वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याचा विधी धर्मशास्त्रावरील निबंधांतून सांगितला आहे; आपल्या बायका नव्या केरसुणीने घर झाडून तोच विधी करीत आल्या. त्यातील मौज अशी की ज्या केरसुणीने अक्काबाईला घालवावयाचे, त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहावयाचे. घरातून काय जावे आणि काय राहावे याचा निवाडा जिच्या हाती, तिला देवत्व देण्यात आमच्या पूर्वजांनी चूक केली असे मला वाटत नाही.

तर श्रोतेहो, प्रत्येक टाकाऊ वस्तूला आपल्या समाजात एक वारस होता. पितळेला तांबट, वस्त्राला बोहारीण, केराला शेत. कागदाचे काय?

कागदालाही एके काळी वारस होता, आणि तो खानदेशातच होता. एरंडोल व यावल ही गावे हाती केलेल्या कागदासाठी प्रसिद्ध होती. कागद करणारे ते कागदी. चिंध्या, तागाची जुनी पोती, दोरखंडे आणि जुने कागद भिजवून, कुटून, चुन्याच्या पाण्यात मुरवून ते लगदा करीत, आणि त्या लगद्याचा ताव निघे. म्हणजे आपल्या पणजीचे विरलेले लुगडे पणजोबांच्या हिशेबाची वही होऊन घरी परत येण्याचा संभव होता. गिरणीचा कागद स्वस्त झाला आणि हा धंदा बसला. त्यानंतर जुन्या कागदाचे वारस झाले ते वाणी आणि शोभेची दारू करणारे. वाण्याने पुड्या बांधल्या, दारूवाल्यांनी फटाके वळले. घरच्या बायकांनी कागद भिजवून, त्यात मेथी वाटून घालून, टोपल्या आणि सुपे लिंपली. ती टोपली मोठी टिकाऊ होते, पीठ सांडत नाही, कीड लागत नाही. तिच्या निर्मितीत कोणाचे पत्र कुटले गेले हे मात्र कोणी विचारले नाही. पोथ्यांना वाण्याकडे पाठविणे पाप म्हणून त्या नदीला अर्पण होत. तापीच्या डोहांनी किती ग्रंथ पोटात घेतले असतील कोण जाणे!

घरोघरचे हे कागद इतके परके का झाले, याला कारणे आहेत. पेशवाईनंतर इंग्रज सरकारने इनामांची चौकशी आरंभिली; १८५२ साली तीसाठी कायदाच झाला. ज्याच्यापाशी सनद नाही त्याचे इनाम धोक्यात. तोवर कागद हा घराचा प्राण होता. निकाल लागून गेल्यावर, मग तो अनुकूल लागो की प्रतिकूल, तोच कागद निरुपयोगी झाला. काही घरांत तर नसत्या चौकशीचे निमित्त म्हणून धास्तीचाही विषय झाला. पुढच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवीत, मग तेही थांबले. ज्या लिपीत आपल्या आजोबांनी आपल्या आजीस पत्रे लिहिली ती लिपी एकाएकी घरातल्या घरात परकी झाली. मोडी अशा रीतीने मोडीत निघाली. आणि येथे मोडीचा तांबट कोणी नव्हता.

तो तांबट, किंवा माझ्या मते ती बोहारीण, कागदांना उशिरा का होईना मिळाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना बोहारणीची उपमा देतो म्हणून त्यांच्या भक्तांनी रागावू नये. दारोदार हिंडून, पायी, कमालीच्या काटकसरीने राहून, लोकांनी टाकलेले मागावयाचे आणि त्यात काय जरीचे आहे ते ओळखावयाचे, हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग होता. काशिनाथ नारायण साने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' काढून जुने लेख छापण्यास आरंभ केला होता. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात डोके घालून बसले होते. राजवाड्यांचा मार्ग याहून खडतर, कारण त्यांनी केवळ सरदारांची मोठी दप्तरे न पाहता सामान्य गृहस्थांची फडताळे उघडावयास लावली. वाईस एका घरी पडून असलेली जुनी कागदपत्रे त्यांच्या हाती आली, आणि त्यांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या वर्षांतील ती पत्रे, म्हणजे पानिपताच्या प्रलयाकडे नेणारी पावले. ज्या कागदांवर घरातील कोणाची नजरही पडत नव्हती, त्यांनी सबंध महाराष्ट्राची पानिपताविषयीची समजूत बदलली. पुढे या मालेचे बावीस खंड झाले.

राजवाड्यांस दोन प्रकारच्या गृहस्थांनी छळले. एक कागद टाकून देणारे. दुसरे, कागद टाकीतही नाहीत आणि दाखवीतही नाहीत असे. हा दुसरा वर्ग पहिल्याइतकाच घातक, कारण वाळवीला दार उघडून देण्याची गरज लागत नाही. पेटारा कुलपात आहे एवढ्या समाधानावर तीन पिढ्या जातात आणि चौथी पिढी कुलूप तोडते तेव्हा आत मातीचा ढीग निघतो. राजवाड्यांचा स्वभाव तापट; अशा लोकांविषयी ते काय बोलत असतील याची कल्पना त्यांच्या प्रस्तावना वाचणाऱ्यास सहज करता येते. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात ते अग्रभागी होते. पुढे त्यांचे तेथे पटले नाही, आणि आयुष्याच्या अखेरीस ते आपल्या संग्रहासह धुळ्यास आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा देह पडला.

मृत माणसाचे सामान आवरण्याचा प्रसंग हाच त्या सामानाच्या कसोटीचा प्रसंग असतो. राजवाड्यांना मूलबाळ नव्हते. मागे राहिले ते ग्रंथ, टिपणे आणि कागद. हे सारे घर रिकामे करताना एखाद्या अडत्याच्या वखारीत गेले असते तर त्यात नवल नव्हते. धुळ्याच्या लोकांनी ते होऊ दिले नाही. भास्कर वामन भट यांच्यासारखे वकील त्यात पुढे होते. राजवाड्यांच्या मृत्यूला दहा दिवसही झाले नसतील तोच, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या मंडळाने कागदांबरोबर मूर्ती, नाणी आणि शिलालेखही जतन केले, आणि १९९० च्या दशकात राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत प्रसिद्ध केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ पासून सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे समर्थ संप्रदायाची बाडे मठामठांतून गोळा केली. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ साली दासबोध छापला, आणि १९३५ साली या संग्रहासाठी समर्थ वाग्देवता मंदिर स्थापिले. समर्थांनी स्वहस्ते उतरून काढले असे मानले जाणारे वाल्मीकिरामायण तेथेच आहे. आता पाहा, आग्रा रस्त्यावर एकाच वाटेवर सोनगीरला पितळेचे पुनर्जन्म होत होते, आणि तेथून थोडे पुढे धुळ्यात कागदाचे. नरडाण्याहून भांडी घेऊन आम्ही अर्ध्या वाटेवर थांबलो, पुढे गेलो नाही.

दूरच्या देशातील एक हकीगत येथे सांगावीशी वाटते, कारण तीत पितळ आणि कागद दोन्ही एकत्र आली आहेत. ज्या कागदावर ईश्वराचे नाव असू शकेल तो फेकावयाचा नाही, असा यहुदी लोकांचा आचार. असे जीर्ण कागद ते एका खोलीत साठवून ठेवतात. जुन्या कैरोतील बेन एझ्रा नावाच्या प्रार्थनामंदिराच्या अशा खोलीत शतकानुशतकांचा ढीग साचला होता. १८९६-९७ च्या हिवाळ्यात केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेख्टर तेथे गेले आणि एक लक्ष नव्वद हजारांहून अधिक तुकडे घेऊन आले. त्यांत धर्मग्रंथांबरोबर व्यापाऱ्यांचे हिशेब आणि पत्रेही निघाली. अब्राहम बेन यिजू नावाचा एक व्यापारी बाराव्या शतकात आपल्या मंगळुराकडे राहून पितळकामाचा कारखाना चालवीत असे. एडनहून त्याचे स्नेही त्याला मोडकी तांब्यापितळेची भांडी गलबतातून पाठवीत आणि नवी घडवून मागवीत. घट, वजन, घडणावळ, सारे आमच्या आजीच्या हिशेबासारखेच! भांडी केव्हाच नाहीशी झाली. नऊशे वर्षांपूर्वीची ती मोड आज आपणांस दिसते ती कोणी एक निरुपयोगी पत्र फेकून दिले नाही म्हणून.

उलट उदाहरणही आहे, आणि ते एका सुशिक्षित देशाचे. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघरची रद्दी देशकार्यासाठी गोळा करण्याची मोहीम निघाली. लोकांनी उत्साहाने कपाटे रिकामी केली, आणि त्या उत्साहात जुने दस्तऐवजही लगद्यात जाऊ लागले. ब्रिटिश रेकॉर्ड्स असोसिएशन या संस्थेला, देण्यापूर्वी एकदा कोणा जाणत्याला दाखवा, असे लोकांना विनवीत फिरावे लागले. हेतू चांगला असला म्हणजे हात सावध राहतोच असे नाही.

पुन्हा खानदेशात येतो. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली, आणि घरच्या मुलांनी ती वहीत उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. कवी सोपानदेव हे त्यांचे पुत्र. तरी आईची ती वही जगापुढे ठेवावी की नाही याचा त्यांना संकोच होता. त्यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. अहिराणीच्या आणि लेवा बोलीच्या मुलखातील एका निरक्षर बाईची वही! दिवाळीच्या झाडलोटीत ती कोणत्या ढिगात पडली असती, हे आपल्या घरातील ढीग आठवून ज्याने त्याने ठरवावे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सारेच जपून ठेवा. तसे मी म्हणत नाही. वीजबिले, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, शाळेच्या कोऱ्या वह्या खुशाल रद्दीत जाऊ द्याव्या. आणि दुसरीही एक बाजू आहे, जी आम्ही कागदवेडे लोक सोयीस्करपणे विसरतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, आणि मग पुणे व नगर जिल्ह्यांतील कित्येक गावी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले ते त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळण्यासाठी. त्यांना पैसा नको होता, कागद हवा होता. तो जळला म्हणजे गळ्याचा फास सुटला असे त्यांना वाटे. इतिहासकार त्या राखेकडे हळहळून पाहील. पण ज्याचे बैल आणि जमीन त्या कागदाने नेली, त्याला ती हळहळ ऐकविण्याचे धैर्य मला होणार नाही. एकाचे दप्तर हे दुसऱ्याचे दुःख असू शकते. म्हणून घरातील जुना कागद बाहेर देताना त्यावर कोणाची नावे आहेत हेही पाहावे लागते.

व्यवहाराचे चार शब्द बोलतो, कारण पुष्कळांच्या घरी येत्या दिवाळीत हाच प्रसंग येईल. रुमाल सोडू नये. बांधणाऱ्याने जे कागद एकत्र बांधले ते काही समजुतीने बांधले. ती समजूत आपण गाठ सोडताच नाहीशी होते. गठ्ठा कोणत्या खोलीत, कोणत्या पेटाऱ्यात, कोणाच्या सामानात सापडला हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, आणि कागद टिकावा म्हणून त्याला प्लास्टिकमध्ये वितळवून बसवू नये. तो टिकत नाही, गुदमरतो. मग मोडी वाचणाऱ्यास दाखवावा. मोडी शिकविणारे वर्ग आज पुन्हा निघाले आहेत, तेव्हा वाचक मिळणे पूर्वीइतके दुर्घट नाही. संशोधनसंस्थेस द्यावयाचा तर निवडून चांगले चांगले न देता सबंध द्यावा, आणि पोच घ्यावी. कौटुंबिक नावे काही वर्षे प्रसिद्ध होऊ नयेत अशी इच्छा असेल तर ती त्याच वेळी लेखी कळवावी. तसे सांगण्यात काही गैर नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची, पाऊणशे वर्षांहून जुनी हस्तलिखिते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत, हेही परदेशस्थ मुलांच्या आईबापांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आणि एक नवी अडगळ आहे, तिच्याविषयी थोडेसे. बंद पडलेले मोबाईल फोन आणि संगणक आता प्रत्येक घराच्या खणात पडून असतात. ते गोळा करून त्यांतील धातू काढण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे ते केरात किंवा भंगाराच्या हातगाडीवर न घालता ठरल्या केंद्रावर द्यावे. पण देण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय आहे ते पाहावे. आजोबांचा आवाज, आईचे निरोप, दहा वर्षांची छायाचित्रे त्यांत असतात. तेही एक दप्तरच. फक्त त्याची लिपी मोडीहून लवकर परकी होते.

आता सोनगीरच्या त्या घागरीकडे येतो. घर सुटल्यावर पाच-सहा महिन्यांनी मी आजोळहून आणलेला कंदील पुसावयास काढला. त्याची काच फुटू नये म्हणून मामींनी ती कागदात गुंडाळली होती. कागद लांबट, जाड, पिवळा. लाल बांधणीच्या वहीतून निसटलेली दोन पाने. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून ती वाचून घेतली. संवत १९५६ चा हिशेब होता, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात ते साल. खानदेशात त्या वर्षी पाऊस गेला, पीक गेले, गुरे गेली. तापीकाठचा लोहमार्ग त्याच सुमारास पुरा होत होता. माझ्या आजोबांच्या आजोबांनी त्या वर्षी धान्य उसने दिले होते. एकेक ओळ अशी: नाव, गाव, ज्वारी इतकी पायली, आणि त्यापुढे तारण. घागर एक. परात एक, तांब्ये दोन. हंडा लहान एक. काही ओळींपुढे भांडे परत नेल्याची खूण होती. बहुतेकांपुढे नव्हती.

घागरीवरील परके नाव मला पुसटसे आठवत होते. ते दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत आहे. तिच्यापुढे खूण नाही. चार पिढ्या त्या घागरीतून आमच्या घरी पाणी भरले गेले, आणि ती कोणाची हे सांगणारी वही माळ्यावर तिच्या डोक्यावरच पडून होती. वाचणारे कोणी असते तर ते भांडे ज्याचे त्याच्या घरी पोचविता आले असते; त्या आडनावाची घरे गावात अजून आहेत. मी मामांना पत्र लिहून हे कळविले. त्यांचे उत्तर आले ते दोन ओळींचे: सोनगीरला विचारून पाहिले, तो घाणा त्याच आठवड्यात वितळला, आणि रद्दीवाल्याकडची पोती सुरतेकडे गेली.

ती दोन पाने मी एका पाकिटात घालून ठेवली आहेत, वर कोठे व केव्हा सापडली ते लिहिले आहे. पुढच्या महिन्यात ती घेऊन आधी नरडाण्यास जावयाचे आहे, धुळ्यास नंतर. ज्यांची नावे तीत आहेत त्यांच्या वंशजांना ती वाचून दाखवावी, आणि ती ठेवावी की नाही हे त्यांना विचारावे, असे मामांचे आणि माझे ठरले आहे.